लेथ, लाईट आणि लाल बटण

आमच्या भागात लेथवर लाकूड कातायला शिकवणारं आता कोणी उरलेलं नाही. लाटणी, रव्या, बाजेचे पाय कातणारे कातारी गेले. लाटणंसुद्धा शहरातून येतं. मग शिकणारा मोबाईलवर व्हिडिओ बघतो आणि मशीन गावच्या वेल्डिंगवाल्याकडून, हाताशी असेल ती मोटर लावून करून घेतो. मीही तसाच शिकलो. पटाशी कशी धरावी हे सरावाने येतं. मला काळजी वाटते ती या मशीनची.

एका संध्याकाळी काम चालू असताना लाईट गेली. चकमध्ये अर्धी कातलेली वाटी, चावी तिथेच अडकवलेली, आणि आम्ही दोघं चहाला अंगणात. लाईट आली तसा लेथ आपोआप सुरू झाला आणि चावी उडून पत्र्यावर आदळली. पत्र्याला पोचा आला. आम्ही आत असतो तर?

स्टार्टर शेतपंपाचा होता आणि त्याला ऑटो जोडलेला होता. रात्री दोनला लाईट आली तर पिकाला पाणी मिळावं म्हणून पंपाला ऑटो हवाच. लेथला तो अजिबात नको. भिंतीवरचं साधं बटणही तितकंच घातक, कारण लाईट गेली तरी ते चालूच राहतं. स्टार्टरमधली नो-व्होल्ट कॉइल लाईट गेल्याबरोबर सुटते आणि हिरवं बटण पुन्हा दाबेपर्यंत मोटर फिरत नाही. म्हणून स्टार्टर लावाच, फक्त त्याचा ऑटो काढून टाका. लाल बटण अशा जागी घ्या की फिरत्या लाकडावरून हात न नेता ते दाबता येईल.

मग मोटरवरची पाटी वाचा. कडबाकुट्टीची किंवा पंपाची जुनी मोटर 2880 फेऱ्यांची असू शकते. दहा इंची वाटी 1440 फेऱ्यांवर फिरली तरी तिची कड ताशी जवळपास सत्तर किलोमीटर वेगाने धावते. 2880 वर त्याच्या दुप्पट. इंचातला व्यास गुणिले मिनिटाचे फेरे 6000 ते 9000 च्या दरम्यान ठेवावेत, असा कातणाऱ्यांचा ठोकताळा आहे. म्हणजे त्या वाटीला 600 ते 900 पुरे, आणि ओबडधोबड ओंडक्याला सुरुवातीला त्याहून कमी. मोटरला लहान आणि लेथला मोठी पुली लावली की हे साधतं.

जुन्या कानशी घासून पटाश्या करू नका. कानस कडक असते पण ठिसूळ; लाकडात अडकली की तुकडे उडतात. बांधावरच्या झाडाचं लाकूड नीट तपासून घ्या, कुंपणाच्या तारा आणि खिळे खोडाने कधीच गिळलेले असतात.

धुळीसाठी पुष्कळ जण नाकाला उपरणं बांधतात. त्याने बारीक धूळ अडत नाही, आणि सुटलेलं टोक लेथ ओढून घेतो. लाकडाची धूळ माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत मोडते, तेव्हा चांगला मास्क घ्याच. चेहऱ्याला शील्ड हवी, हातमोजे मात्र मुळीच नकोत.

वाटीचा मोह आवरून आधी लाटणी काता. आणि दवाखाना लांब असेल तर घरात कोणी नसताना मशीन लावू नका. जे घरी असतील त्यांना लाल बटण दाखवा, एकदा त्यांच्याच हाताने दाबून घ्या.