नाण्यांतून समजणारे अर्धायुष्य

कॅडेट मित्रांनो, किरणोत्साराचा धडा सुरू झाला की वर्गात मला हमखास विचारले जाते, "सर, कोणत्या केंद्रकाचा क्षय कधी होणार हे कुणालाच ठाऊक नाही, मग गणित कशाचे करायचे?" कोलकात्यात याच गणितावर रुग्णांचे औषध अवलंबून असते.

तेथील व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन सेंटरच्या मेडिकल सायक्लोट्रॉनमध्ये फ्लुओरिन-१८ हे समस्थानिक तयार होते. ऑक्सिजन-१८ असलेल्या पाण्यावर वेगवान प्रोटॉनांचा मारा करतात. केंद्रकात एक प्रोटॉन शिरतो, एक न्यूट्रॉन बाहेर पडतो. प्रोटॉन ८ चे ९ झाले; वस्तुमानांक १८ च राहिला. हे फ्लुओरिन ग्लुकोजसारख्या रेणूत बसवून, कर्करोगाची गाठ शोधणाऱ्या पेट स्कॅनपूर्वी रुग्णाला टोचतात. त्याचे अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटे. क्षयानंतर त्याचे पुन्हा ऑक्सिजन-१८ होते.

आता १०० नाणी घ्या. एक फेक म्हणजे ११० मिनिटे. छापा पडलेली नाणी बाजूला काढा, उरलेली पुन्हा फेका. साधारण ५०, २५, १२ अशी नाणी उरतील, पण नेमकी तेवढीच नव्हेत. १०० नाण्यांत पाचेकांचा फरक सहज पडतो, म्हणजे ५ टक्के. १०,००० नाण्यांत तो पन्नासेक, म्हणजे अर्धा टक्काच. औषधाच्या १० मिलिक्युरी मात्रेत तर सुमारे साडेतीन लाख कोटी केंद्रके असतात. म्हणून एकाचे सांगता येत नसले, तरी समूहाचा हिशेब पक्का असतो.

तीन फेकींतून वाचलेले नाणे थकत नाही. चौथ्या फेकीलाही त्याची शक्यता निम्मीच. केंद्रकाचेही तसेच.

मात्र या प्रतिकृतीची मर्यादा ओळखा. नाणी टप्प्याटप्प्याने बाद होतात, क्षय क्षणोक्षणी चालतो. त्यामुळे अर्ध्या फेकीला, म्हणजे ५५ मिनिटांनी, ७५ टक्के नव्हे तर सुमारे ७१ टक्केच उरतात. एक द्वितीयांशाचे वर्गमूळ काढून पाहा.

समजा, रुग्णाला सकाळी १० वाजता १० मिलिक्युरी द्यायचे आहे आणि कुपी ६.२० ला भरली. मधली २२० मिनिटे म्हणजे दोन अर्धायुष्ये. म्हणून कुपीत ४० मिलिक्युरी भरावे लागेल. गाडी अडकून ११.५० वाजले, तर उरेल ५.

आता तुम्ही सांगा: ९.०५ ला त्याच कुपीत किती असेल? उत्तर १५ आले असेल, तर अर्ध्या फेकीचा परिच्छेद पुन्हा वाचा.