हीटर बंद, नळी चालूच

पुण्याच्या हवेत गाडीचा हीटर लावतो कोण? डिसेंबर-जानेवारीतल्या दोन-चार गारठ्याच्या सकाळी लावला तर लावला. त्यामुळे जुनी गाडी जिवापाड सांभाळणारी माणसंसुद्धा ऑइल बघतात, ब्रेक बघतात, टायर बघतात; हीटरच्या होज पाइपकडे कोणाचं लक्ष जात नाही. पण बऱ्याच गाड्यांमध्ये हीटरचं बटण फिरवलं की फक्त आतली हवेची झडप हलते. इंजिनातलं तापलेलं कूलंट त्या नळ्यांतून बाराही महिने फिरतच असतं. काही गाड्यांत मध्ये बंद करायचा व्हॉल्व्ह असतो, तरी त्याच्या अलीकडची नळी तापते आणि दाब सोसतेच. आपण वापरत नाही म्हणून ती झिजत नाही, हा समज मोडावा एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

आमच्याकडे वडिलांनी घेतलेली डिझेल गाडी आहे. १५ वर्षांची नोंदणी संपल्यावर तपासणी करून ती पुढच्या ५ वर्षांसाठी नव्याने नोंदवली. उन्हाळ्यातल्या एका संध्याकाळी आईला घेऊन वाकडकडून मारुंजीला परतत होतो. भूमकर चौकापासूनच आयटी पार्क सुटल्याची गर्दी होती. लक्ष्मी चौकाच्या अलीकडे गाड्या मुंगीच्या पावलाने सरकत होत्या. आधी गोडसर, उग्र वास आला. मग टेंपरेचरचा काटा चढला आणि थोड्या वेळाने आपोआप खाली आला. काटा उतरला म्हणून जीव भांड्यात पडावा, असाच तो क्षण होता. एसी बंद करून हीटर पूर्ण उघडला, तर आतून गार हवा आली. लगेच गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं. बॉनेटच्या फटीतून वाफ निघत होती आणि खाली हिरवट पाण्याचा ओघळ आला होता.

त्या गार हवेचा अर्थ प्रत्येक जुन्या गाडीवाल्याने लक्षात ठेवावा. इंजिन तापलेलं असताना हीटरमधून गार हवा आली, तर बहुधा कूलंट हीटरपर्यंत पोचतच नाही, म्हणजे ते निघून गेलेलं आहे. काटा खाली येतो तोही याच कारणाने. तापमान मोजणारा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल तरच खरं सांगतो. तो कोरडा पडला की नुसत्या हवेचं तापमान दाखवतो आणि आत इंजिनाचं हेड भाजत राहतं. अशा वेळी ‘घर जवळच आहे, हळूहळू नेऊ’ म्हणून गाडी रेटली की हेड वाकतं, गॅस्केट उडतं. नळी बदलायचा खर्च शेकड्यांत असतो, हेडच्या कामाचा हजारोंत जातो.

आणखी एक, जिवावरची गोष्ट. गरम इंजिनाच्या रेडिएटरचं किंवा कूलंटच्या टाकीचं झाकण उघडू नका. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे. इथे उघड्या भांड्यातलं पाणी ९८ अंश सेल्सियसच्या आसपास उकळतं. ०.९ बारच्या झाकणाखाली तेच साधं पाणी ११७-११८ अंशांपर्यंत उकळत नाही आणि कूलंटचं मिश्रण त्याहूनही पुढे टिकतं. झाकण उघडताच दाब जातो आणि तापलेल्या पाण्याची क्षणात वाफ होऊन ती तोंडावर येते. निदान अर्धा-पाऊण तास थांबा. झाकणाला हात लावून बघा; चटका बसत नसेल तरच जाड फडकं टाकून हळू फिरवा.

आमची गाडी टोइंग करून गॅरेजला नेली. मिस्त्रींनी शोधलं तेव्हा दोष इंजिनाच्या मागे, फायरवॉलजवळ, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीजवळ निघाला. तिथे पूर्वी कधीतरी नळीचा तुकडा बदलून मध्ये प्लास्टिकचा टी बसवलेला होता. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने तो टी बिस्किटासारखा ठिसूळ झाला होता. शेजारची क्लिप इतकी आवळलेली, की तिच्या कडा रबरात रुतल्या होत्या. लोखंडी रिटर्न पाइप आतून गंजलेला होता आणि त्यावर पांढरट थर जमला होता. आमच्या भागात बोअरवेल आणि टँकरचं पाणी सर्रास वापरात असतं. असं जड पाणी कूलंटच्या टाकीत ओतत राहिलं की क्षार आत बसतात आणि हीटर कॉइलच्या बारीक नळ्या तुंबतात.

मिस्त्री म्हणाले, “दादा, हीटर कुठं लागतो आपल्याला? बायपास करून टाकतो, अर्ध्या तासात गाडी घेऊन जा.” मी म्हटलं, “लागला वेळ तर लागू द्या, पण पूर्ण लाइन नवीन करू.” ते कामात हुशार होते आणि त्यांचा सल्ला अडचणीतल्या माणसाची सोय बघणारा होता. रस्त्यात अडकलो तर बायपास करून घरी यावं; पण ती कायमची व्यवस्था नव्हे. काही इंजिनांत हीटरची लाइन कूलंटच्या फिरण्याचाच भाग असते. ती बंद झाली की थर्मोस्टॅटपर्यंत गरम कूलंट नीट पोचत नाही. शिवाय पावसाळ्यात ताम्हिणी घाटात काच आतून धुरकटली, की एसीच्या जोडीला थोडी गरम हवा लागते. पुढचं दिसण्यासाठी तरी हीटर शाबूत हवा.

ही तपासणी घरीही करता येते. इंजिन रात्रभर थंड झालेलं असताना सकाळी बॉनेट उघडा. फायरवॉलमधून आत जाणाऱ्या दोन बारीक नळ्या शोधा, त्या हीटरच्या. प्रत्येक नळी अंगठा आणि बोटात धरून दाबा. मधला भाग आणि क्लिपजवळचे दोन-तीन इंच यांची तुलना करा. टोकाशी नळी मऊ, पोकळ लागली, तर ती आतून चिरत चालली आहे. कूलंट आणि वेगवेगळे धातू यांच्या संगतीत सूक्ष्म विद्युत-रासायनिक क्रिया होते आणि ईपीडीएम रबराला आतून उभ्या बारीक चिरा पडतात. बाहेरून नळी काळी, तुकतुकीत दिसते आणि आतून संपलेली असते. फार कडक होऊन दाबताना करकरणारी नळी उष्णतेने वाळलेली असते; फुगलेली, चिकट नळी बहुधा ऑइलमध्ये भिजलेली असते. अशा वेळी ऑइलची गळती आधी काढा, नाहीतर नवी नळीही तशीच जाईल.

नळी बाहेरून ठीक असेल तर गाडीच्या आत बघा. डाव्या सीटच्या पायाखालची चटई ओली, काचेच्या आतल्या बाजूला चिकट धुरकटपणा, गोडसर वास: ही लक्षणं हीटर कॉइल गळत असल्याची. हे टाळू नका. कॉइल फुटली तर उकळतं कूलंट आत बसलेल्यांच्या पायावर येतं.

बदलायचं ठरलं तर दोन्ही नळ्या, सगळ्या क्लिपा आणि मधले जोड एकदमच बदला. एक नळी गेली, तर तिच्याच वयाची दुसरी फार मागे नसते. जुना भाग हातात घेऊनच दुकानात जा. नाना पेठेत सुट्या भागांची दुकानं पुष्कळ आहेत, पण ‘साधारण एवढी’ असं सांगून नळी मिळत नाही. आतला व्यास जुळायलाच हवा. १६ मिलिमीटर, म्हणजे पाच अष्टमांश इंची नळी पुष्कळ गाड्यांना चालते, तरी आपल्या गाडीचं माप मोजून घ्या. मूळ नळीला साच्यातलं वळण असेल तर तशीच वळणाची मागा. सरळ नळी बळेच वाकवली की कोपऱ्यात चिमटते आणि प्रवाह अडतो. पाण्याची किंवा इंधनाची नळी इथे चालणार नाही; हीटर होज म्हणूनच बनवलेली घ्या. जमेल तिथे मध्ये जोड ठेवूच नका; ठेवावा लागला तर धातूचा.

काम करताना घाई नको. सोडण्याआधी नळ्यांच्या वाटेचे आणि क्लिपांच्या दिशेचे फोटो काढा. जुनी नळी हीटर कॉइलच्या तोटीवर घट्ट बसलेली असते. ती पकडीने पिळू नका. तोटी पातळ धातूची असते आणि पिळली की कॉइलच बदलावी लागते. धारदार ब्लेडने नळीला हलकी उभी चीर द्या, तोटीला ओरखडा न पडू देता, आणि सोलून काढा. तोटीवरचा क्षार बारीक पॉलिश पेपरने घासा. नवी नळी चढवताना आत थोडं कूलंट लावा. ग्रीस किंवा ऑइल रबराला मारक आहे. क्लिप तोटीच्या उंचवट्याच्या मागे, नळीच्या टोकापासून किंचित आत बसली पाहिजे. स्क्रूची क्लिप रबर दबेल इतकीच आवळा. मूळ स्प्रिंगची क्लिप असेल तर तशीच नवी बसवणं उत्तम; रबर तापून-निवून कमी-जास्त झालं तरी ती पकड सोडत नाही. नळी एक्झॉस्टला किंवा पत्र्याच्या धारेला टेकू देऊ नका, आणि इंजिन हलतं म्हणून थोडी ढील ठेवा.

मग पाणी. कूलंट आणि डिमिनरलाइज्ड पाणी निम्मं-निम्मं, किंवा तयार मिश्रण. रंग सारखा दिसला म्हणून दोन प्रकारची कूलंटं एकत्र करू नका. गाडीच्या पुस्तकात सांगितलेलंच घ्या. भरताना गाडीचं तोंड किंचित चढावर ठेवा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, इंजिन थंड असतानाच चालू करा आणि बुडबुडे थांबेपर्यंत पातळी राखत भरत राहा. हवा काढायचा स्क्रू असेल तर तोही वापरा. आत हवा अडकली तर नव्या नळ्या असूनही गाडी तापते. रेडिएटरचा पंखा सुरू झाला आणि हीटरमधून सलग गरम हवा आली, म्हणजे काम जमलं. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर पातळी आणि क्लिपा पुन्हा बघा.

काढलेलं जुनं कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नका. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल गोड असतं आणि विषारीही. गल्लीतलं कुत्रं, मांजर किंवा जनावर ते चाटतं आणि त्याची किडनी निकामी होते. लहान मुलांनाही तोच धोका. डब्यात झाकून गॅरेजच्या टाकाऊ ऑइल-कूलंटमध्ये द्या आणि जमिनीवर सांडलेलं भरपूर पाण्याने धुऊन काढा.

आता आमच्या गाडीच्या बॉनेटच्या आतल्या बाजूला नळ्या बदलल्याची तारीख लिहिलेली आहे. दर सर्व्हिसिंगला मिस्त्रींना ती दाखवतो आणि नळ्या दाबून बघायला सांगतो. चार-पाच वर्षं झाली, की गळो न गळो, बदलायच्याच. तुमच्या गाडीला दहा वर्षं झाली असतील आणि हीटरच्या नळ्या कधी बदलल्या हे कोणालाच सांगता येत नसेल, तर त्या मूळच्याच आहेत असं धरून चाला. घाटाच्या प्रवासाला निघण्याआधी, पुढच्या रविवारी सकाळी, इंजिन थंड असताना त्या दाबून बघा.