ताटात चिमूटभर राहू दे

सूनबाई, काल रात्री मेथीच्या एका घासासाठी तू लेकराचं नाक दाबलंस, ते मी ओसरीवरून पाहिलं. जीव तुटतो म्हणूनच केलंस, हे मला कळतं. अंगणवाडीत नवी होते तेव्हा मीही तेच केलं होतं. एका पोराला मटकीची उसळ संपेपर्यंत उठूच दिलं नाही. त्याने खाल्ली आणि दारात जाऊन ओकलं. पुढे वर्षभर उसळीचा वास आला की ताटली टाकून ते घराकडे पळायचं. आधी त्याला उसळ फक्त आवडत नव्हती, शिसारी मी लावली. ते अजून माझ्या मनातून गेलेलं नाही, म्हणून आज तुला सांगत बसले आहे.

नावड वेगळी आणि शिसारी वेगळी, हे पहिलं लक्षात ठेव. नावडीत जीभ नको म्हणते, पण घास गिळता येतो. शिसारीत वासानेच पोट ढवळतं, तिथे समजावणं चालत नाही. मला हे बाहत्तरच्या दुष्काळाने शिकवलं. आपल्या सिंदखेड राजाकडे तेव्हा ज्वारी पिकलीच नव्हती. आई-बाबा खडी फोडायच्या कामावर, आम्हा पोरांना सुकडी, आणि रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी. तिची भाकर थापताना चिरायची आणि वास वेगळाच यायचा. तरी भुकेला ती गोड लागे. एका रात्री तीच भाकर खाऊन मला हगवण लागली, तीन दिवस अंथरुणात होते. दोष भाकरीचा होता की पाण्याचा, कोण जाणे. पाण्याचाच असावा, कारण गल्लीत बरेच जण आजारी होते. पण माझ्या पोटाने भाकरीलाच धरलं. पुढच्या साली पाऊस झाला, घरात पांढरीशुभ्र गावरान ज्वारी आली, तरी भाकर पाहिली की मला मळमळायचं. ज्वारीच्या मुलखात पोरगी भाकर खात नाही म्हटल्यावर घरात केवढी काळजी!

पुढे सेविका झाल्यावर एका प्रशिक्षणात याचं कारण कळलं. जॉन गार्सिया नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1955 साली उंदरांवर प्रयोग केला होता. त्यांना गोड पाणी पाजलं आणि त्याच वेळी किरणांचा मारा केला, त्याने त्यांना मळमळ झाली. नंतर ते उंदीर गोड पाण्याला तोंड लावेनात. खाणं आणि आजारपण यांत काही तासांचं अंतर असलं तरी पोट दोन्हींची गाठ बांधतं, तीही एकाच प्रसंगात. विषारी पाला दुसऱ्यांदा तोंडात जाऊ नये म्हणून निसर्गाने केलेली ही राखण आहे. ती कधी चुकीच्या चोराला पकडते, एवढंच. ‘तुला काही झालेलं नाही, खा’ असं म्हणून ही गाठ सुटत नाही.

माझी गाठ आजीने सोडवली. तिने भाकरीचं नावच काढलं नाही. हिवाळ्यात मला शेतात नेलं, आगटीत कणसं भाजली, गरम हुरडा हातावर चोळून दिला. सोबत चुलत भावंडं, तिळाची चटणी, गूळ. मी ओंजळभर खाल्ला. तोच दाणा, पण त्याला धुराचा वास होता आणि सगळ्यांच्या हसण्याचा आवाज होता. मग महिनाभराने ज्वारीच्या लाह्या. मग ताकातल्या कण्या. मग उडीद घालून दळलेल्या कळण्याची भाकर, तीही ठेच्याबरोबर, म्हणजे आधी लागायची मिरची. होळीच्या सुमारास मी तव्यावरची साधी भाकर स्वतः मागून घेतली. आजीला अक्षरओळख नव्हती, पण जे खाणं नकोसं झालंय त्याच्या अंगणातून हळूहळू घरात शिरायचं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मेथीचंही तसंच कर. आधी थालीपीठात चार पानं, मग मुठिया, मग डाळमेथी, आणि सुकी भाजी सगळ्यात शेवटी. पण लपवू नको. पानं त्याला दिसू दे, नाहीतर उद्या त्याचा थालीपिठावरचाही विश्वास उडेल.

तुझं लेकरू अडीच वर्षांचं आहे. चालायला लागलेली पोरं या वयात नव्या चवीला भितातच, पाच-सहा वर्षांपर्यंत हे चालतं. एखादी चव ओळखीची व्हायला दहा-पंधरा वेळाही लागतात, आणि आपण तिसऱ्या वेळीच ‘याला आवडत नाही’ म्हणून मोकळ्या होतो. तेव्हा ताटात चिमूटभर वाढत जा. चाटून ठेवलं तरी चालेल, थुंकलं तरी रागावू नको. आणि ‘भाजी खा, मग चॉकलेट देते’ हे या घरात बंद. त्याने भाजी शिक्षा ठरते आणि चॉकलेट बक्षीस.

लेकरू आजारी पडलं तर गोळी कुटून शिऱ्यात घालू नको. औषधाचा कडूपणा शिऱ्याला चिकटतो आणि मग बरं झाल्यावर शिराही जातो. तापात, ओकाऱ्यांत त्याच्या आवडीचं काही करू नको, साधी पेज दे. तुझ्या सासऱ्यांची केमोथेरपी चालू होती तेव्हा मी कढी-गोळे मुद्दाम केले नाहीत. सुई लागायच्या आधी अनोळखी चवीची एक खाऊची गोळी चघळायला द्यायचे, म्हणजे मळमळीचा आळ त्या गोळीवर जावा. पुढे त्यांना त्या गोळीचा वीट आला, कढी मात्र शेवटपर्यंत आवडीने खाल्ली.

आणखी एक, हे तुझ्या नणंदेसाठी. ती मुळा-कोबी खात नाही म्हणून मी तिला फार बोलले. कडू लागणं सगळ्यांना सारखं नसतं. 1931 साली फॉक्स नावाच्या रसायनशास्त्रज्ञाच्या हातून एक भुकटी उडाली, शेजारच्याला ती कडूजहर लागली आणि त्याला स्वतःला काहीच चव लागली नाही. हा फरक रक्तातूनच येतो. मुळा-कोबीतला कडवटपणाही काहींना असाच जास्त टोचतो. अशा माणसाला मीठ, दाण्याचं कूट, लिंबू मदत करतात. टोमणा करत नाही.

प्रकटदिनाच्या भंडाऱ्याला शेगावी जाऊ तेव्हा लेकराला सोबत घे. घरी अंबाडी पाहून तोंड फिरवणारी कितीतरी पोरं मी पंगतीत पिठलं-भाकरीबरोबर तीच अंबाडीची भाजी दुसऱ्यांदा मागताना पाहिली आहेत. शेजारचा खातो, पलीकडचा खातो, वाढणारा हसून पुढे जातो, कुणी आपल्याच तोंडाकडे टक लावून बसलेलं नसतं.

मात्र दाणे किंवा अंडं खाल्ल्यावर ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वास लागला, तर तो हट्ट नव्हे. ते परत तोंडाला लावू नको, लगेच दवाखाना गाठ. आणि लेकरू दोन-तीन पदार्थांवरच अडून वजन घटू लागलं तरीही माझ्या सांगण्यावर थांबू नको, डॉक्टरला दाखव.

उद्या बाजारातून मेथीची जुडी आणते. निवडायला बसशील तेव्हा त्यालाही पाट दे. पानं तोडू दे, सांडू दे, एखादं चावून बघितलं तर दुसरीकडे बघ.