निशिगंधाची लागवड



खुलताबाद हें गांव फुलांना कधींच परकें नव्हतें. भद्रा मारुतीला हार चढतात, दर्ग्यांत फुलांच्या चादरी वाहिल्या जातात, आणि १७०७ सालीं मरण पावलेल्या औरंगजेबाच्या उघड्या कबरीवर सब्जाचें रोप वाढतें. अशा गांवीं श्रावण-भाद्रपदांत, जेव्हां उन्हाळ्यांतील मोगरा ओसरलेला असतो व शेवंतीस अद्याप अवकाश असतो, तेव्हां निशिगंध फार उपयोगी पडतो. यासच गुलछडी असेंही म्हणतात.

एकदां लावलेला निशिगंध दोन-तीन वर्षें त्याच जागीं फुलतो. तथापि पुष्कळ घरीं अशी तक्रार ऐकूं येते कीं, पहिल्या वर्षीं वाफा फुलांनीं भरला, पुढें मात्र पानेंच माजलीं व दांडे दिसेनासे झाले. मग कोणी दृष्ट लागली म्हणतो, कोणी मातीला दोष देतो, आणि सगळे कंद उकिरड्यावर जातात. हें नुकसान टळावें म्हणून या झाडाची प्रकृति आपण प्रथम समजून घेऊं.

निशिगंधाचें मूळस्थान मेक्सिको देश होय. लिनीअस या शास्त्रज्ञानें १७५३ सालीं यास ‘पॉलिअँथिस ट्यूबरोझा’ असें नांव दिलें. अलीकडे वनस्पतिशास्त्रज्ञ त्याची गणना अगेव्ह, म्हणजे घायपाताच्या गणांत करतात. शेताच्या बांधावरील कांटेरी घायपात आणि हें नाजूक फूल यांचें असें जवळचें नातें आहे! फूल पांढरें व त्याचा सुवास रात्रीं अधिक, याचें कारण रात्रीं हिंडणाऱ्या पतंगांना तें आकर्षून घेतें.

आतां मुख्य गोष्ट. ज्या कंदानें एकदां दांडा दिला, तो कंद पुन्हां फुलत नाहीं. त्याच्या भोंवतीं लहान कंद धरतात व पुढील वर्षीं त्यांतील पोसलेले कंद फुलतात. म्हणजे झाड तेंच दिसलें तरी फुलणारी पिढी दरवर्षीं नवी असते. दोन-तीन वर्षांत एका जागीं इतके कंद दाटतात कीं कोणालाच पुरेसें अन्न व जागा मिळत नाहीं. फुलें आटण्याचें खरें कारण बहुधा हेंच असतें.

लागवडीसाठीं दिवसभर ऊन मिळेल अशी जागा निवडावी. आपल्याकडील काळी माती पावसाळ्यांत पाणी धरून ठेवते, आणि सांचलेल्या पाण्यांत कंद कुजतो. म्हणून मातींत चांगलें कुजलेलें शेणखत व थोडी वाळू मिसळून सुमारें १५ सेंटिमीटर उंचीचा गादीवाफा करावा. एप्रिल-मे महिन्यांत २ ते ३ सेंटिमीटर जाडीचे निरोगी कंद, एकमेकांपासून २० सेंटिमीटर अंतरावर व ५ ते ७ सेंटिमीटर खोल लावावेत. एक मीटर लांब व तितक्याच रुंद वाफ्यांत असे २५ कंद मावतात. अगदीं बारीक कंद फेकूं नयेत. ते निराळ्या वाफ्यांत लावून वाढवावेत. लागवडीनंतर एकदां पाणी द्यावें व कोंब दिसेपर्यंत बेतानेंच द्यावें. पुढें तण काढून माती भुसभुशीत ठेवावी. सुमारें तीन-साडेतीन महिन्यांनीं दांडे येऊं लागतात.

एकेरी जातीचा सुवास अधिक, म्हणून ती हारांस योग्य. दुहेरी जात फुलदाणींत शोभते. बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेनें तयार केलेल्या ‘शृंगार’ व ‘प्रज्वल’ या एकेरी जाती प्रसिद्ध आहेत. हारासाठीं फुलें भल्या पहांटे वेंचावीं. फुलदाणीसाठीं दांड्याच्या तळाकडील एक-दोन जोड्या उमलतांच दांडा कापावा. उरलेल्या कळ्या पाण्यांत हळूहळू उमलतात.

हिवाळ्यांत पानें पिवळीं पडूं लागलीं कीं पाणी तोडावें. पानें वाळल्यावर तिसऱ्या वर्षाअखेर सर्व कंद खणून काढावेत, माती झाडून लहानमोठे निवडावेत, आणि सावलींत हवेशीर जागीं चार ते सहा आठवडे विश्रांतीस ठेवावेत. हे कोरडे कंद मेलेले दिसतात, परंतु ते केवळ निजलेले असतात. हीच वेळ धीर धरण्याची असते. त्यानंतर नव्या खत घातलेल्या वाफ्यांत त्यांची लागवड करावी.

ज्यांच्या घरीं निशिगंध फुलेनासा झाला असेल, त्यांनीं तो उपटून टाकण्यापूर्वीं एकदां कुदळीनें वाफा खणून पाहावा. एका कंदाच्या जागीं कंदांचा झुबका हातीं येईल. त्यांतून स्वतःचा वाफा नव्यानें लावून, उरलेले कंद शेजाऱ्यांसही देतां येतील.