ऑइल बदललं आणि क्लच घसरला

ऑइल बदलून आणल्यावर मोटारसायकलचा क्लच घसरायला लागला आणि कुणी म्हणालं की क्लचप्लेटा गेल्या, तर लगेच पैसे काढून देऊ नका. कालपर्यंत धड चाललेल्या प्लेटा एका सर्व्हिसिंगमध्ये झिजत नाहीत. त्या सर्व्हिसिंगमध्ये काय बदललं, ते आधी बघा.

माझ्या दीडशे सीसीच्या गाडीला हे कुंभार्ली घाटात झालं. चिपळूणला सर्व्हिसिंग करून कराडला निघालो होतो, मागे पुतण्या. सपाटीवर काही जाणवलं नाही. पोफळी मागे पडून चढ लागला, तसं थ्रॉटल पिळलं की आरपीएमचा काटा वर पळायचा, इंजिन ओरडायचं आणि वेग तिथल्या तिथे. गिअर उतरवला तरी तेच. मग जळका वास आला. हा वास आला की थांबायचंच. घसरणाऱ्या प्लेटा घासून तापतात आणि नुसतं ऑइल बदलून वाचला असता असा क्लच गाडी रेटल्यामुळे खरोखर जळतो.

इंजिन गार होऊ दिलं, हलक्या थ्रॉटलवर घाट चढलो आणि पाटणला एका वयस्कर मिस्त्रींना गाडी दाखवली. पान्याला हात लावायच्या आधी त्यांनी विचारलं, "भाऊ, ऑइल कुठलं टाकलंय?" उरलेल्या ऑइलचा कॅन पिशवीत होता. त्यांनी तो उलटा करून मागची बारीक अक्षरं वाचली: ५डब्ल्यू-३०, खाली 'रिसोर्स कन्झर्व्हिंग'. 'जासो' कुठेच नाही. "हे कारचं आहे. प्लेटा खोलायची घाई नको."

गिअरच्या कारचा क्लच सहसा कोरडा असतो, इंजिन ऑइलशी त्याचा संबंध नसतो. बहुतेक मोटारसायकलींत मात्र इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच या तिघांना एकच ऑइल असतं. इंधन वाचावं म्हणून कारच्या पातळ ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं घालतात. इंजिनाला ती चांगलीच, पण क्लच चालतो तोच घर्षणावर. कारच्या प्रत्येक ऑइलने क्लच घसरतोच असं नाही, पण ही जोखीम घ्यायची कशाला?

यासाठीच जपानमध्ये १९९८ साली फोर-स्ट्रोक मोटारसायकलींच्या ऑइलचं जासो मानक आलं. अशा ऑइलात भिजलेल्या, म्हणजे ओल्या क्लचला 'एमए' लागतं. २००६ पासून त्यात एमए१ आणि एमए२ असे भाग आहेत. एमए२ला पकड जास्त. 'एमबी' हे कमी घर्षणाचं, बिनगिअरच्या स्कूटरचं. तेव्हा कॅनवर नुसतं 'फोर-टी' दिसलं म्हणून विसंबू नका, मागे एमए आहे का ते बघा. (जुन्या कास्ट आयर्न बुलेटचं वेगळं आहे, तिच्या क्लचचं ऑइल डावीकडच्या प्रायमरी केसमध्ये स्वतंत्र असतं.)

मिस्त्रींनी सुरुवात केबलपासून केली, आणि क्रम तोच असावा. सर्व्हिसिंगमध्ये केबल जास्त ताणली गेली की क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो आणि लक्षणं हुबेहूब हीच दिसतात. लिव्हरच्या टोकाला साधारण १० ते १५ मिलिमीटर मोकळा प्ले हवा. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. मग ऑइलची पातळी. दोन्ही ठीक निघालं, तेव्हा त्यांनी गरम इंजिनातून ऑइल काढलं, फिल्टर बदलला आणि मॅन्युअलमधल्या ग्रेडचं एमए२ भरलं. डिझेलने इंजिन धुऊ दिलं नाही, तुम्हीही देऊ नका.

घसरण लगेच पुरती थांबली नाही. जुनं ऑइल प्लेटांत आणि कोपऱ्याकोपऱ्यात मुरलेलं असतं. थोडं चालवून पुन्हा ऑइल बदललं, तेव्हा क्लच पहिल्यासारखा धरायला लागला. दुसऱ्या बदलाचा खर्च जिवावर येतो खरा, पण क्लच खोलण्याच्या मजुरीपुढे तो काहीच नाही.

एवढं करूनही घसरतच असेल, तरच क्लच खोलायचा. घर्षणाच्या प्लेटांची जाडी व्हर्निअरने आणि स्प्रिंगची लांबी मोजून घ्या. स्टीलच्या प्लेटा निळसर पडल्या असतील तर त्या तापलेल्या आहेत, बदला. नव्या प्लेटा कोरड्या बसवू देऊ नका. आधी ताज्या ऑइलमध्ये काही तास भिजू द्या.

शेवटी मोकळ्या, सपाट रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये ताशी ४०च्या आसपास वेग ठेवून थ्रॉटल पूर्ण उघडा. आरपीएम आणि वेग बरोबरीने चढले, तर क्लच धरतोय.