हिवाळा नाही, तर अंडी नाहीत : जपानी न्यूटचा धडा



उभयचर म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर बेडूकच येतो. पण मोठेपणीही शेपूट राहणारे उभयचर असतात. त्यांतलाच एक न्यूट. जपानच्या होन्शू, शिकोकू आणि क्यूशू बेटांवर, भातखाचरांत व तळ्यांत राहणारा लाल पोटाचा न्यूट अनेक देशांतले हौशी लोक काचेच्या टाकीत पाळतात. त्याची वीण कशी होते, हे 'सजीव आणि ऋतू' शिकवताना जरूर सांगावं.

थंडी कशासाठी?

टाकीतलं पाणी वर्षभर एकसारखं ठेवलं, पोटभर खाऊ घातलं, तर न्यूट धडधाकट राहतो. पण अंडी बहुधा घालत नाही. त्याच्या मुलखात गारठ्याचा हिवाळा असतो आणि मग वसंत येतो. पाणी उबदार होणं, दिवस मोठा होणं, हाच त्याच्या शरीराला विणीचा इशारा. ऋतूच बदलला नाही, तर इशारा मिळणार कसा?

म्हणून जाणकार पाळणारे टाकीत हिवाळा आणतात. पूर्ण वाढलेल्या, निरोगी न्यूटांचं पाणी काही आठवड्यांत हळूहळू 10 अंश सेल्सिअसच्या आसपास नेतात. उजेड आणि खाणं कमी करतात. दोन-तीन महिन्यांनी तितक्याच सावकाश ऊब वाढवतात. घाई केली तर प्राण्याला त्रास होतो.

पुढे काय घडतं?

नर मादीसमोर शेपूट वाकवून थरथरवतो आणि पाण्यातून गंधसंदेश पाठवतो. 1995 मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी हा गंधपदार्थ ओळखला. नाव ठेवलं 'सोडेफ्रिन'. जपानीत 'सोदे' म्हणजे बाही आणि 'फुरू' म्हणजे हलवणे. जुन्या काळी प्रिय माणसाला बाही हलवून खूण करत, त्यावरून हे नाव!

नर शुक्राणूंची पुडी तळाशी ठेवतो, मादी ती शरीरात घेते. मग ती एकेक अंडं पाणवनस्पतीच्या पानावर घालते आणि मागच्या पायांनी पान दुमडून झाकते. मोठे न्यूट अंडी खातात, म्हणून ती वेगळी ठेवावी लागतात. साधारण दोन-चार आठवड्यांत पिसांसारखे कल्ले असलेली पिल्लं बाहेर येतात. बेडकाच्या पिल्लाला आधी मागचे पाय दिसतात, याला आधी पुढचे!

एक विनंती

हे वाचून न्यूट घरी आणू नका. 25 अंशांपुढचं पाणी त्याला सोसत नाही. आपल्या उन्हाळ्यात ते कुठून आणणार? शिवाय त्याच्या त्वचेत विष असतं. दार्जिलिंगकडे आढळणारा हिमालयी न्यूट तर कायद्याने संरक्षित आहे. त्यापेक्षा पहिल्या पावसानंतर मुलांना डबक्यापाशी न्या, बेडकाची अंडी दाखवा, हात न लावता.

वर्गात विचारा :
1. बेडकाला पाऊस, तसा न्यूटला कोणता इशारा?
2. मादी पान का दुमडत असेल?
3. हिवाळाच उबदार झाला, तर तळ्यातल्या न्यूटचं काय होईल?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लगेच सांगू नका. मुलांना विचार करू द्या. एखाद्या जिवाची काळजी घेणं म्हणजे त्याला नुसतं सुखात ठेवणं नव्हे, त्याचा ऋतू त्याला मिळू देणं, हे त्यांचं त्यांनाच उमगेल.