देणगीची पावती फाडण्याआधी

बेटा, माजी विद्यार्थी संघाचं काम आता तुझ्याकडे आलं. नॅकच्या पाचव्या निकषात माजी विद्यार्थ्यांच्या योगदानाला गुण आहेत, त्यामुळे प्राचार्य तुला देणगीचा आकडा विचारणारच. पण आधी माणसं जोड. वाशीम, रिसोड, कारंज्याहून पुण्या-मुंबईला गेलेल्या आपल्या पोरापोरींत काही समलिंगी आहेत, काही तृतीयपंथी. सगळेच काही नुसत्या नोकरीसाठी गेले नाहीत. कॉलेजवर त्यांचाही जीव आहे, पण मेळाव्याला यायचं म्हटलं की पोटात गोळा येतो.

पत्रिकेवरचं 'सपत्नीक' काढून टाक, 'आपण व सोबत एक व्यक्ती' एवढंच छाप. फोनवर बॅच विचार, विभाग विचार, कोणते सर आठवतात ते विचार. 'लग्न झालं का?' मात्र ओठावर आलं तरी गिळ.

कोणी विश्वासानं सांगितलं की माझा जोडीदार पुरुष आहे, तर ते तुझ्यापाशीच राहू दे. रजिस्टरच्या शेऱ्यात नको, एक्सेलमध्येही नको. ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालानं कलम ३७७ चा धाक गेला, गावाचा कुठे गेलाय? दोघांचा शेजारी-शेजारी उभं राहून काढलेला फोटो दुपारी बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडला, तर संध्याकाळी तो रिसोडच्या पानटपरीवर बापाला कोणीतरी दाखवतो. मग त्या घरात काय होतं, ते मी पाहिलंय. म्हणून फोटो टाकण्याआधी परवानगी घे, आणि ती प्रत्येकाची घे. एकट्या त्यालाच विचारलंस, तर बाकीच्यांना तेवढ्यावरूनच कळतं.

नावाचंही सांभाळ. २०१९ च्या कायद्यानं तृतीयपंथी व्यक्तींना जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळख प्रमाणपत्र मिळायची सोय झाली, आणि त्यावरून शिक्षणाच्या कागदांवरचं नाव बदलून मागता येतं. असा अर्ज आला तर टेबलावर पडू देऊ नकोस. पदवी अमरावती विद्यापीठाची, तेव्हा शिफारसपत्र जोडून तिकडे पाठव आणि पाठपुरावा कर. खिडकीवर जुन्या नावानं हाक मारायची नाही, हे बाबूला आधीच बजावून ठेव. ८०जी ची पावती पॅनवरच्या नावानंच फाडावी लागेल, पण आभारपत्रात आणि स्मरणिकेत त्या व्यक्तीनं सांगितलेलं नाव घाल.

अशा कोणाला व्याख्यानाला बोलावलंस तर त्याच्या विषयावर बोलाव. तो केमिस्ट्रीचा असेल तर केमिस्ट्रीवर बोलू दे, स्वतःचं आयुष्य सांगायचं की नाही ते तो ठरवेल.

देणगीचा शब्द काढशील तेव्हा असा माणूस बहुधा एकच विचारेल: 'माझ्यासारख्या पोराला आज हॉस्टेलात त्रास झाला तर कॉलेज काय करतं?' यूजीसीनं २०१६ मध्ये रॅगिंगच्या व्याख्येत लैंगिक कल आणि तृतीयपंथी ओळखीवरून होणारा छळही घातलाय. आपल्या रॅगिंगविरोधी समितीला हे माहीत आहे का, ते बघ. हॉस्टेलच्या भिंतीवरचे समितीचे नंबर स्वतः लावून बघ, कोणी उचलतं का. मग त्याला फोन कर.